स्लीपिंग बॅगचा लायनर: केदारकंठा आणि हरिश्चंद्रगड, दोन्हीकडे एकच चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरच्या अखेरीस चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करायचा आहे. स्लीपिंग बॅग तिकडेच भाड्याने मिळणार आहेत. दुकानदार म्हणतो, फ्लीसचा लायनर घातला की आठ अंश जास्त ऊब मिळते. मित्र म्हणतो, रेशमी घे, वजन नसतं. आणि जो घ्याल तो पुढे हरिश्चंद्रगडावर, भंडारदऱ्याच्या काठावर वापरता यावा, अशी इच्छा आहे.

गेली बावीस वर्षं मी हिवाळ्यात माणसं घेऊन सह्याद्रीत आणि हिमालयात जातो. रात्री कोण का कुडकुडतंय हे पाहायला तंबूतंबूत फिरलो आहे. त्या अनुभवावरून आधी एकच गोष्ट सांगतो, मग तपशिलात जाऊ. लायनर म्हणजे पिशवीच्या आतली चादर. तिचं पहिलं काम स्वच्छता आणि अंगाला लागणारा मऊपणा. ऊब देते, पण थोडी. पिशवीच पातळ असेल किंवा खाली जमीन गार असेल, तर जगातला कोणताही लायनर ती रात्र सावरू शकत नाही.

आता त्या आठ अंशांबद्दल. स्लीपिंग बॅगच्या तापमानाला एक ठरलेलं मोजमाप आहे. युरोपात ते २००५ च्या सुमारास आलं आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात तापमापक बसवलेल्या पुतळ्याला पातळ कपडे घालून, खाली मॅट टाकून, पिशवीत ठेवतात आणि त्यावरून कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे एखादी स्त्री आरामात झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे पुरुष अंग आखडून का होईना, रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडाच नव्हे, तो जीव वाचण्याचा आकडा आहे. हे सगळं पिशवीसाठी. लायनरच्या पाकिटावर जे अंश छापतात, त्यांना असा सर्वांना सारखा आधार नाही. ज्याने त्याने आपापल्या परीने मोजलेले ते अंश असतात. माझा अंदाज, आणि तो शेकडो रात्रींचा आहे: रेशमी किंवा पातळ सुती लायनर दोन-तीन अंशांचा फरक पाडतो, चांगला फ्लीस चार-पाच अंशांचा. पोकळ धाग्याचे जे जाड विणीचे लायनर मिळतात, तेही पाकिटावरच्या आकड्याच्या निम्मंच देतात असं धरून चाला. आठ अंश मिळतील असं गृहीत धरून हलकी पिशवी घेऊन जाऊ नका, विशेषतः मुलीसाठी.

भाड्याच्या पिशवीवरही आकडा असतो, बहुधा 'उणे दहा'. तो वरच्या तिघांपैकी कोणता, हे नीट विचारा. नुसताच मोठा आकडा शिवलेला असेल आणि खाली काही खुलासा नसेल, तर तो लिमिट किंवा त्याहून वाईट समजा. शिवाय वर्षानुवर्षं कोंबून-दाबून ठेवलेल्या पिशवीतलं भरण बसतं, फुगत नाही. केदारकंठ्याची उंची साधारण ३,८०० मीटर. पायथ्याच्या सांकरी गावातून निघाल्यावर वरच्या मुक्कामांवर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री उणे पाच ते उणे दहा अंश सहज होतात. पिशवी हातात आली की ती सोडून, झटकून, उजेडासमोर धरा. जिथे उजेड आरपार दिसतो, तिथे भरण सरकलेलं आहे. अशी पिशवी सांकरीतच बदलून घ्या. वर गेल्यावर बदलता येत नाही.

थंडी कुठून येते, हे आधी ओळखायला हवं. निम्म्याहून जास्त वेळा ती खालून येते. अंगाखालचं भरण वजनाने चपटं होतं, त्यात हवा राहत नाही, आणि हवा नाही तिथे ऊब नाही. मग बर्फ किंवा गार कातळ अंगातली उष्णता शोषत राहतो. लोक वरून पांघरुणं वाढवतात आणि पाठ गारच राहते. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपलेल्या कुणालाही हे विचारा. बाहेर वारा, आत वारा नाही, तरी पहाटे तीनला कंबर धरते, कारण खाली नुसता दगड. म्हणून लायनरच्या आधी कॅरीमॅट. मॅटची ऊब आर-व्हॅल्यू नावाच्या आकड्यात मोजतात आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. साध्या बंद-पेशी फोमच्या, म्हणजे आत हवेचे बंद बुडबुडे असलेल्या मॅटचा आकडा दोनच्या आसपास असतो. बर्फावर झोपायला चार-पाच लागतो. आयोजक एक मॅट देत असतील तर दुसरी स्वतःची न्या, आणि मुलीसाठी तर नक्कीच. एका रेशमी लायनरच्या पैशात अशा दोन-तीन मॅट येतात. पैसे मोजकेच असतील तर मी ते तिथे घालीन.

मॅटचं झालं असं धरून आता लायनर.

लायनर निवडताना लोक कापड आधी पाहतात. मी पिशवीतली जागा आधी पाहतो. हे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी उत्तराखंडातच एका बर्फातल्या मुक्कामावर आमच्यातला एक धिप्पाड गडी रात्री अकराला हाका मारू लागला. पाय बधिर झाले होते. त्याच्याकडे स्वतःची, चांगली, अंगाबरोबर बसणारी डाऊनची, म्हणजे मऊ पिसं भरलेली पिशवी होती. त्यात त्याने जाड फ्लीसचा लायनर घातला होता, आणि तो मीच घ्यायला सांगितला होता. आत हात घालून पाहिलं तर सगळं गच्च. लायनरने आतून पिसांना दाबून पिशवी फुगूच दिली नव्हती. पावलांपाशी तर कापडाला कापड चिकटलेलं. लायनर काढला, त्याची घडी करून मॅटवर कमरेखाली टाकली, पावलांना कोरडे लोकरी मोजे घातले. अर्ध्या तासात तो झोपला. तेच कापड आत होतं तेव्हा गारठवत होतं, खाली गेल्यावर उपयोगी पडलं. तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो: पिशवीत झोपून छातीवर दोन्ही हात आडवे घेतलेत तर कोपरं कापडाला दाबतात का? दाबत असतील तर फ्लीस नको. रेशमी किंवा पातळ मायक्रोफायबर, बस.

याच हिशेबाने तुमच्या मुलीचं उत्तर वेगळं येतं. भाड्याची पिशवी मोठ्या माणसाच्या मापाची असणार. तिच्या अंगाभोवती आणि पायाखाली बरीच रिकामी जागा राहील, आणि ती सगळी हवा तिच्या एवढ्याशा अंगाला तापवावी लागेल. तिथे फ्लीसचा लायनर खरा कामाला येतो, कारण तो ती जागा भरतो आणि काही दाबत नाही. पिशवीचा पावलांकडचा उरलेला भाग खाली दुमडून ठेवा किंवा उद्याचे कोरडे कपडे त्यात भरा. तिच्यासाठी फ्लीस आणि तुम्ही अंगाने भरलेले असाल तर तुमच्यासाठी रेशमी, असं एकाच घरात दोन प्रकारचे लायनर घ्यायला काहीच हरकत नाही.

कापडांबद्दल. रेशमी लायनर साधारण १२० ते १६० ग्रॅमचा असतो, मुठीत मावतो, थर्मलवरून सुळकन घसरतो, त्यामुळे कूस बदलताना माणूस त्यात गुंडाळला जात नाही. थंडीत ऊब देतो आणि उकाड्यात अंगाला चिकटत नाही. महाग आहे, आणि पायाच्या नखाने फाटतो, म्हणून नखं कापून जा. एक सावधगिरी: 'आर्ट सिल्क' म्हणजे रेशीम नव्हे, ते रेयॉन किंवा पॉलिस्टर असतं. शिवणीतला एक धागा काढून जाळून पाहा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आपल्याकडे सिल्क मार्कचं लेबल असतं, ते दिसलं तर उत्तम.

सुती लायनर ३०० ते ४५० ग्रॅम. झोपायला सगळ्यात आपलासा, घरच्या चादरीसारखा. पण सूत घाम पितं आणि सोडत नाही. दिवसभर चालून ओल्या बनियनवरच पिशवीत शिरलात तर पहाटेपर्यंत सूत गार ओलं राहतं. सह्याद्रीत हे निभतं, बर्फात निभत नाही. मायक्रोफायबर मधला मार्ग आहे: स्वस्त, हलका, लवकर वाळणारा, फक्त दोन-तीन रात्रींत वास धरतो.

फ्लीस ४०० ग्रॅमपासून ९०० पर्यंत असतो आणि सॅकमध्ये एका जर्किनएवढी जागा खातो. केदारकंठ्याला तुमच्या मुलीसाठी ४०० ते ५०० ग्रॅमचा पातळ फ्लीस पुरेल. नऊशे ग्रॅमचा लायनर वाहून नेण्यापेक्षा तेवढ्याच वजनात जास्त भरणाची पिशवी मिळते का, ते पाहावं. फ्लीसला एक धोकाही आहे. शेकोटीची एक ठिणगी पडली की भोक, आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. फ्लीस अंगावर घेऊन शेकोटीपाशी बसू नका. आणि थंडी आवरत नाही म्हणून तंबूच्या आत स्टोव्ह किंवा कोळसे कधीही, कुणीही, पेटवू नयेत. त्यातून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूने झोपेतच माणसं गेली आहेत.

चांदीसारख्या चमकत्या पन्नीच्या पिशव्या लायनर म्हणून विकतात. त्या संकटकाळासाठी सॅकच्या तळाशी असाव्यात. रोज त्यात झोपलात तर घामाची वाफ बाहेर जात नाही आणि सकाळी सगळे कपडे दमट.

आकार पिशवीसारखाच हवा. पिशवी पायाकडे निमुळती असेल तर लायनरही निमुळता. चौकोनी लायनर निमुळत्या पिशवीत घातला की त्याचे घोळ पायात अडकतात. बाजूला उघडी फट किंवा चेन असलेला घ्या आणि ती पिशवीच्या चेनच्याच बाजूला येते ना ते बघा. बारीकसारीक वाटणारी ही गोष्ट रात्री दोनला लघवीला उठताना कळते. अंधारात चेन सापडली नाही की चांगली धीट माणसंही घाबरी होतात. मी मुलांकडून घरीच सराव करून घेतो: दिवे बंद, पिशवीत पूर्ण आत, आणि दहा मोजेपर्यंत बाहेर. मुलीकडून जायच्या आधी दोन-तीनदा करून घ्या, तिला मजाही वाटेल. डोक्याकडे नाडी असलेला लायनर असेल तर नाडी मानेपाशी ओढायची, खांद्यावरून गार हवा शिरायची थांबते. पण तोंड आणि नाक बाहेरच ठेवायचं. आत श्वास सोडला की त्याची ओल पिशवीत मुरते, आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत पिशवी जड आणि गार होते. कानटोपी घालून तोंड उघडं, हीच रीत.

'पिशवीत कमी कपडे घातले की जास्त ऊब येते' हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ते खरं नाही. कोरडे थर्मल, कोरडे मोजे, टोपी, आणि त्यावर लायनर. चालताना घातलेलं काहीही अंगावर ठेवायचं नाही, ते सुकं वाटलं तरी. जाड जॅकेट आत घालून पिशवी गच्च करू नका, पिशवीवरून छातीवर पसरा. झोपण्याआधी पोटभर जेवण. आणि गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून लायनर आणि पिशवी यांच्यामध्ये, मांड्यांपाशी ठेवा. इथे लायनर आणखी एक काम करतो: गरम बाटली थेट कातडीला लागत नाही. मुलांच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. बाटलीचं झाकण आधी उलटं धरून तपासा. आत सांडलं तर ती रात्र संपली.

स्वच्छतेचं मी सुरुवातीला म्हटलं ते आता. भाड्याच्या पिशव्या हंगामात कितीदा धुतल्या जातात, हे त्यांच्या वासावरून कळतं. डाऊनला वारंवार धुणं सोसत नाही, आणि अंगाचं तेल-घाम लागत गेलं की पिसं चिकटून फुगणं कमी होतं. म्हणून लायनर दुसऱ्याच्या पिशवीपासून तुम्हाला वाचवतो आणि स्वतःची पिशवी असेल तर तुमच्यापासून तिला. आल्प्समधल्या डोंगरी झोपड्यांत ब्लँकेट तिथलं आणि लायनर ज्याचा त्याने आणायचा असा नियमच असतो. तिकडे जाणारे आपले मराठी ट्रेकर रेशमी लायनर नेतात, आणि तिथे तोच योग्य, कारण ऊब ब्लँकेटची असते आणि वजन पाठीवर रोज वाहायचं असतं.

धुण्याचं सोपं आहे. रेशमाला रिठ्याचं पाणी किंवा सौम्य शाम्पू, गार पाणी, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. कपड्यांच्या काही पावडरींत डाग काढणारी जी एन्झाइम असतात, ती रेशीम आणि लोकर यांचा धागाच कुरतडतात. फ्लीसला कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका.

आता हरिश्चंद्रगड आणि भंडारदरा. इथे हिशेब पूर्ण बदलतो. डिसेंबर-जानेवारीत गडांच्या माथ्यावर रात्री पाच ते दहा अंश, कोकणकड्यावर त्यात वारा. मार्चनंतर मात्र तीच रात्र इतकी सौम्य होते की पिशवी उघडावीशीच वाटत नाही. मेअखेर काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गेलात तर नुसता लायनर हेच पांघरूण. एक लक्षात ठेवा, तळ्याकाठची खोलगट जागा माथ्यापेक्षा गार असू शकते, कारण रात्री जड गार हवा उतरून तिथे साचते. महाबळेश्वरला हिमकण दिसतात ते वेण्णा तलावाच्या काठावर. म्हणून पाण्याला लागून तंबू ठोकू नका, पाचपन्नास पावलं वर, उतारावर ठोका. दहिवरही कमी पडतं.

या आपल्या रात्रींसाठी फ्लीसचा लायनर जड आणि उकडणारा. रेशमी चालेल. पण मला विचाराल तर सुती, आणि तोही विकत न घेता घरी शिवलेला. माझा अठरा वर्षं जुना लायनर आईच्या लुगड्याचा आहे. शंभरदा धुतलेल्या सुताला जो मऊपणा येतो, तो दुकानातल्या कापडाला नसतो. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे कधीचं ठाऊक आहे.

नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं, पन्हा साधारण ११० सेंटिमीटर. तुमच्यासाठी ४.४ मीटरचा तुकडा कापा. मधोमध दुमडला की २.२ मीटर लांबीची पिशवी होते आणि पावलांकडे शिवणच येत नाही, त्यामुळे तिथे कधी उसवत नाही. खांद्याशी ८५ ते ९० सेंटिमीटर रुंदी ठेवा, पावलांशी ६०. दोन्ही बाजू शिवा, फक्त चेनच्या बाजूला वरून ६० सेंटिमीटर मोकळं सोडा, आणि त्या फटीच्या तळाशी दुहेरी टाके मारा, कारण सगळा ताण तिथेच येतो. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे अंगाला बोचत नाही. उरलेल्या ३.८ मीटरमध्ये मुलीचा जेमतेम बसतो: उंचीत ३५ ते ४० सेंटिमीटर मिळवले की तिची लांबी निघते. दीड मीटर उंचीच्या मुलीला १.९ मीटर पुरे, म्हणजे एका लुगड्यात दोघांचं होतं. लुगडं नवीन असेल तर कापण्याआधी एकदा पाण्यातून काढून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात लायनर आखूड होईल आणि खांदे उघडे पडतील.